तोंडातलं लोखंड, नाकावरचा दोर

बोर्ली पंचतनहून दिवेआगरची पुळण अगदी जवळ. सुट्टीच्या दिवसांत तिथे पर्यटकांना फिरवणारे घोडे उभे असतात. दिवस कलला की घोडेवाला तंग ढिला करतो, खोगीर उतरवतो आणि मग घोड्याच्या तोंडातलं लोखंड काढतो. घोडा जीभ फिरवतो, जबडा हलवतो, एक-दोनदा फुरफुरतो. आता त्याच्या डोक्यावर नुसती दोरीची म्होरकी उरलेली असते. दिवसभर लगामाच्या ओढीनं वळणारा तो घोडा आता म्होरकीच्या दोराला बोटभर ओढ मिळताच मालकाच्या मागून मुकाट घराकडे निघतो. हे पहिल्यांदा नीट पाहिलं तेव्हा मनात आलं, की मग ते लोखंड कशासाठी?

घोडा बाळगणाऱ्या माणसांना हा प्रश्न फार पूर्वीपासून पडत आला आहे. तोंडात काहीही न घालता घोडा हाकण्याची साधनं त्यातूनच निघाली. त्यांतल्या सर्वांत प्रसिद्ध साधनाला इंग्रजीत ‘हॅकमोर’ म्हणतात. या नावाचा माग काढत गेलं की वाट कॅलिफोर्निया, मेक्सिको, स्पेन करत अरबांच्या दारात पोचते. आणि अरबांच्या दारातून निघालेली दुसरी वाट समुद्रावरून थेट आपल्याच किनाऱ्याला, चौलच्या बंदराला लागते. या शब्दाचा नाद मला लागला तो या दुसऱ्या वाटेमुळे.

आधी घोड्याचं तोंड पाहू. पुढचे कुरतडायचे दात संपले की लगेच दाढा सुरू होत नाहीत. मध्ये काही बोटं जागा रिकामी असते. नर घोड्याला तिथे सुळे येतात, एरवी नुसती हिरडी, आणि हिरडीखाली जबड्याच्या हाडाची अरुंद धार. लगामातला जो लोखंडी तुकडा तोंडात बसतो, ज्याला जुन्या मराठीत कडियाळे म्हणतात, तो या रिकाम्या जागेत जिभेवर आडवा पडतो. वादी ओढली की दाब जिभेवर, ओठांच्या कोपऱ्यांवर आणि त्या हिरडीवर येतो. हात हलका असेल तर घोड्याला तो इशारा वाटतो. हात जड असेल तर दुखापत होते. माणसाच्या नडगीवर जसं कातडीखाली लगेच हाड लागतं, तशीच ही जागा आहे, असं समजावं.

बिनकडियाळ्याच्या साधनात हा दाब तोंडाबाहेर येतो. तो नाकाच्या हाडावर, हनुवटीखाली किंवा कानांमागे पडतो. तोंड मोकळं राहतं.

आता नाव. ‘हॅकमोर’ हा शब्द ऐकायला अस्सल इंग्रजी वाटतो, कारण सवारीच्या साध्या घोड्याला इंग्रजीत ‘हॅक’ म्हणतातच. पण त्या हॅकशी याचं नातं नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या इंग्रजी बोलणाऱ्या गुराख्यांनी तिथल्या स्पॅनिश बोलणाऱ्या गुराख्यांकडून एक शब्द उचलला आणि आपल्या जिभेला वळेल तसा वळवला. मूळ स्पॅनिश शब्द ‘हाकिमा’. आपल्या हकिमाशी त्याचा संबंध नाही. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ दोरीची म्होरकी. आज त्याचा पहिला वर्ण ‘ख’ आणि ‘ह’च्या मधला कुठेतरी उच्चारला जातो, पण मध्ययुगात तो ‘श’ होता. म्हणजे शब्द होता ‘शाकिमा’. आणि हा शाकिमा आला अरबी ‘शकीमा’पासून. इसवी सन ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून अरब आणि बर्बर फौजा स्पेनमध्ये उतरल्या आणि त्यांची शेवटची सत्ता, ग्रॅनडा, १४९२ मध्ये संपली. या जवळजवळ आठशे वर्षांत स्पॅनिश भाषेत अरबी शब्दांची जी भर पडली तिच्यात घोड्याचे शब्द पुष्कळ आहेत. स्वार या अर्थाचा ‘हिनेते’ हा शब्द तर झनाता नावाच्या बर्बर टोळीच्या नावावरून आलेला आहे. ही माणसं घोड्यावरचीच होती.

पण अरबीत ‘शकीमा’ म्हणजे म्होरकी नव्हे. शकीमा म्हणजे घोड्याच्या तोंडात आडवं जाणारं लोखंड, अगदी तेच कडियाळे. ताठ कण्याच्या, कुणाला न वाकणाऱ्या माणसाला अरबीत आजही ‘शदीद अश्शकीमा’ म्हणतात, म्हणजे ज्याचं कडियाळे कणखर आहे असा. ज्या शब्दाचा जन्म तोंडातल्या लोखंडासाठी झाला तो स्पेनमध्ये दोरीच्या म्होरकीला लागला आणि अमेरिकेत पोचेपर्यंत लोखंड नसलेल्या लगामाचं नाव होऊन बसला. शब्दानं आपला अर्थ पार उलटा केला.

मराठी वाचकाला खरी गंमत यापुढे आहे. अरब जिच्या एका भागाला शकीमा म्हणतात, त्या सबंध वस्तूला ते ‘लिजाम’ म्हणतात. हा लिजाम फारसीतल्या ‘लगाम’चा अरबी अवतार. आणि फारसीतला लगाम आपल्याकडे जसाच्या तसा आला. म्हणजे एकाच वस्तूची दोन नावं दोन दिशांना गेली. सगळ्या वस्तूचं नाव पूर्वेकडे येऊन मराठीत लगाम झालं. तिच्यातल्या एका तुकड्याचं नाव पश्चिमेकडे जाऊन हॅकमोर झालं. आपल्या लगामात लोखंड टिकलं, त्यांच्या हॅकमोरमधून ते गळून पडलं.

पूर्वेकडची वाट समुद्राची होती. कोकणात पाऊस उदंड, पण घोड्याला मानवणारा कोरडा चारा आणि मोकळी माळरानं नाहीत. घाटावर भीमेच्या काठची तट्टं निपजली, मराठ्यांच्या फौजा त्यांच्यावर दौडल्या, पण सुलतानांना आणि सरदारांना हवा असलेला उंच अरबी घोडा समुद्रावरूनच यायचा. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनं ठाण्याच्या राजाबद्दल लिहून ठेवलं आहे, की त्याचा समुद्री चाच्यांशी करार होता. लुटीत जे घोडे मिळतील ते राजाचे, बाकी माल चाच्यांचा. घोड्यांची निकड किती होती ते यावरून कळतं.

चौलचा पुरावा याहून जिव्हाळ्याचा आहे. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी होर्मुझहून निघून चौलला उतरला. सोबत एकच घोडा. तोच त्याचा माल आणि तेच त्याचं भांडवल. घाट चढून तो जुन्नरला गेला. तिथल्या खानानं घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन असं बजावलं. एका खुरासानी गृहस्थानं रदबदली केली तेव्हा घोडा सुटला. पुढे बीदरला निकितीननं तो विकला. त्यानं आपल्या टिपणात एक साधी गोष्ट नोंदवली आहे: या मुलखात घोडे जन्मत नाहीत, बैल आणि म्हशी जन्मतात. घोड्यांना इथे हरभरा चारतात आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवून घालतात, हेही त्यानं पाहिलं. रेवदंड्यात निकितीनचं स्मारक आहे. त्या बाजूला गेलो की मी तिथे थोडा थांबतो. एका परदेशी माणसानं एका घोड्यासाठी केलेली ती पायपीट मला फार हलवते.

घोडे जहाजातून उतरले तसे त्यांच्या सामानाचे शब्दही उतरले. लगाम, खोगीर, जीन, चाबूक फारसीतून आले. रिकीब आणि नाल मुळात अरबी. शिवाजी महाराजांच्या आज्ञेनं रघुनाथ पंडितांनी राज्यव्यवहारकोश केला आणि दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, पण तबेल्यातली भाषा बदलली नाही. खुद्द ‘जहाज’ हा शब्दही या गोष्टीत आहे. अरबीत ‘जहाझ’ म्हणजे सरंजाम, साहित्य. आपल्याकडे त्याचं गलबतापेक्षा मोठं जहाज झालं. स्पेनमध्ये त्याच शब्दाचा ‘खाएस’ झाला, आणि तिथे त्याचा अर्थ घोड्याचा साज. आम्ही किनाऱ्यावरची माणसं ज्याला जहाज म्हणतो, त्याला स्पेनचा माणूस घोड्याच्या अंगावर चढवतो.

आता पश्चिमेची वाट. अमेरिका खंडात घोड्याची जात हजारो वर्षांपूर्वीच नष्ट झाली होती. कोलंबसनं १४९३ च्या दुसऱ्या सफरीत घोडे नेले आणि १५१९ मध्ये एर्नान कोर्तेस सोळा घोडे घेऊन मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५२१ मध्ये, स्पेनच्याच द्वीपकल्पातल्या पोर्तुगीजांनी निजामशहाच्या परवानगीनं चौलला कोट बांधायला घेतला. गोवा त्यांच्या हाती १५१० लाच आला होता आणि तिथे उतरणाऱ्या घोड्यांवरची जकात हे त्यांचं मोठं उत्पन्न होतं. एकाच दशकात स्पॅनिश माणूस घोडा पश्चिमेकडे नेत होता आणि त्याचा शेजारी पूर्वेकडे घोड्याच्या व्यापारावर बसला होता. रेवदंड्यासमोरच्या कोर्लईत पोर्तुगीजमधून उपजलेली बोली आजही घराघरांत बोलली जाते. तिकडे मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात घोड्याची भाषा स्पॅनिश झाली.

कॅलिफोर्नियात स्पॅनिश मिशनं १७६९ पासून उभी राहू लागली. त्यांच्या अफाट माळांवर गुरं राखणाऱ्या घोडेस्वारांना ‘वाकेरो’ म्हणत, म्हणजे गाईवाले. हॅकमोरला कलेचं रूप दिलं ते यांनी. त्यांच्या साधनात नाकावर कच्च्या चामड्याच्या वाद्यांचा वेणीसारखा विणलेला घट्ट गोफ असतो. तो थेंबाच्या आकाराचा, हनुवटीखाली एका जड गाठीत मिळणारा. याला ‘बोसाल’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये त्याचा सरळ अर्थ मुसके, मळणीच्या वेळी बैलाच्या तोंडाला बांधतात ते. त्या गाठीला घोड्याच्या केसांचा लांब दोर गुंडाळतात. त्याचाच फेरा हातातला लगाम होतो आणि उरलेलं टोक ओढून न्यायला उपयोगी पडतं. या दोराचं नाव ‘मेकाते’. हा शब्द अरबी नाही आणि स्पॅनिशही नाही. मेक्सिकोच्या मूळ रहिवाशांच्या नाहुआत्ल भाषेत ‘मेकात्ल’ म्हणजे दोर. ज्यांनी घोडा कधी पाहिला नव्हता त्यांच्या भाषेनं घोड्याच्या साजाला दोर दिला. इंग्रजी बोलणाऱ्यांनी पुढे या मेकातेचा उच्चार ‘मॅकार्टी’ केला, जणू एखाद्या आयरिश माणसाचं आडनाव. गळ्याच्या दोराला स्पॅनिशमध्ये ‘फियादोर’ म्हणतात, त्याचा ‘थिओडोर’ केला. हाकिमाचा हॅकमोर झाला तो याच घराण्यातला.

वाकेरोंची शिकवण्याची रीत मला सर्वांत शहाणपणाची वाटते. अडीच वर्षांपासून पाचव्या वर्षापर्यंत घोड्याचे दुधाचे दात पडून पक्के दात येत असतात. तोंड तेव्हा हुळहुळं असतं. त्या वयात तोंडात लोखंड घातलं तर घोडा झटापट करायला शिकतो आणि ती सवय जन्मभर जात नाही. म्हणून कोवळ्या घोड्याला ते हॅकमोरवर चालवत. मग काही काळ बारीक बोसाल आणि कडियाळे दोन्ही एकदम, आणि सगळं अंगी मुरल्यावरच कडियाळ्याचा लगाम. तोवर घोडा इतका तयार झालेला असे, की लोखंडाला ओढ द्यायची वेळ क्वचितच येई. त्यांच्या लेखी हॅकमोर म्हणजे घोड्याची शाळा.

हे सगळं परक्या मुलखातलं वाटत असेल तर आपल्याकडचा एक फार जुना उल्लेख ऐका. अलेक्झांडरच्या आरमाराचा प्रमुख निआर्कस इसवी सनापूर्वी ३२६-३२५ च्या सुमारास सिंधूच्या मुलखात होता. त्याचं मूळ लेखन हरवलं, पण पुढच्या ग्रीक लेखकांनी त्यातलं उतरून घेतलं. स्ट्राबो सांगतो, की हिंदुस्थानातले लोक कडियाळ्याऐवजी मुसक्यासारखं साधन वापरतात आणि त्याला खिळे असतात. आरियन अधिक तपशील देतो: घोड्याच्या तोंडाभोवती कच्च्या बैलचामड्याचा पट्टा, त्याला आतल्या बाजूनं काशाचे किंवा लोखंडी काटे, फार अणकुचीदार नसलेले. श्रीमंतांकडे हे काटे हस्तिदंती. त्याच्या सांगण्याप्रमाणे तोंडात एक लोखंडी कांबही असते. एकाच निआर्कसवरून दोघांनी लिहिलं आणि कांबेबद्दल दोघांचं जमत नाही. पण नाकावरच्या चामडी पट्ट्याबद्दल जमतं. कॅलिफोर्नियातल्या बोसालच्या दोन हजार वर्षं आधी या देशात घोडा नाकावरून वळवत होते. स्ट्राबोच्या वाक्यात कडियाळ्यासाठी ‘खालिनोस’ हा ग्रीक शब्द आहे. संस्कृतात कडियाळ्याला ‘खलीन’ म्हणतात, आणि तो शब्द त्या ग्रीक शब्दावरूनच आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. स्ट्राबोच्या सांगण्याप्रमाणे निआर्कसला इथे जी वस्तू दिसली नाही, तिचं नाव आपण त्याच्याच लोकांकडून घेतलं.

आणि ते काटे. हस्तिदंताचे असोत की लोखंडाचे, ते नाकाला टोचायचेच. लोखंड तोंडात नाही म्हणून साधन हळुवार झालं असं समजू नये, हे सांगायला एवढा पुरावा पुरे. काट्यांची ही खोड आपल्याकडे पुढेही टिकली. म्हणूनच प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९६५ मध्ये ओझ्याच्या आणि ओढीच्या जनावरांसाठी जे नियम झाले, त्यांत काटेरी कडियाळे, काटेरी साज आणि टोकदार पराणी वापरायला स्पष्ट मनाई आहे. नियम होऊन साठ वर्षं झाली. घोड्यावर बसण्याआधी त्याच्या ओठांचे कोपरे एकदा पाहून घ्यावेत, तिथे जखम दिसली तर बसू नये, असं मी माझ्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना आवर्जून सांगतो.

आपल्या गावच्या माणसाला खरं तर नाकावरचा दोर शिकवावाच लागत नाही. वासराला आधी म्होरकी घालतात. बैल मोठा झाला की नाक टोचून वेसण घालतात आणि वेसणीला कासरा बांधून त्याला औताला, गाडीला हाकतात. बैलाच्या तोंडात कधी लोखंड गेलं नाही. म्हणून मराठीत आवर घालण्याचे दोन वेगळे वाक्प्रचार आहेत. सैल सुटलेल्या तोंडाला लगाम घालतात आणि वाढत्या खर्चाला किंवा माजलेल्या माणसाला वेसण घालतात. लगाम तोंडाचा, वेसण नाकाची. वेसण टोचलेली, म्हणून कठोर. म्होरकी नुसती वेढलेली, म्हणून सौम्य. हॅकमोरला मराठी शब्द शोधायचा तर मी ‘म्होरकी’च म्हणेन. त्यात बसणारी वस्तू गोठ्यात आधीपासून टांगलेली आहे.

आजच्या बिनकडियाळ्याच्या साधनांत मात्र सगळीच म्होरक्या नाहीत. एका प्रकारात नाकपट्टीच्या दोन्ही बाजूंना कड्या असतात आणि वादी तिथूनच हातात येते. ओढली की नाक त्या बाजूला वळतं, इतकं सोपं. दुसऱ्या प्रकारात गालांवर लांब धातूचे दांडे आणि हनुवटीखाली साखळी असते. ही तरफ आहे. हातानं थोडं ओढलं की नाकावर आणि हनुवटीवर कितीतरी पट दाब येतो. नावानं हा प्रकारही हॅकमोरच, पण नवशिक्याच्या हातात तो साध्या कडियाळ्यापेक्षा वाईट. तिसऱ्या प्रकारात वाद्या जबड्याखाली एकमेकींना ओलांडून जातात आणि डोक्याला सगळीकडून मिठी मारल्यासारखा दाब देतात. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातले पशुवैद्यकाचे प्राध्यापक रॉबर्ट कुक यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून याचा मोठा प्रसार केला. कडियाळ्यामुळे घोड्याच्या श्वासात अडथळा येतो हे त्यांचं म्हणणं. ते स्वतःच त्या साधनाचे पुरस्कर्ते असल्यामुळे त्यांची सगळी मतं इतर तज्ज्ञांनी स्वीकारलेली नाहीत, पण हा प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

श्वासाची गोष्ट नाकपट्टीलाही लागू आहे. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, फक्त नाकानं घेतो. त्याच्या नाकाचं हाड खाली येताना पातळ होत जातं आणि नाकपुड्यांच्या वर संपतं. तिथून पुढे मऊ कूर्चा. पट्टी त्या कूर्चेवर उतरली तर प्रत्येक ओढीला घोड्याचा दम कोंडतो. पट्टी हाडावरच बसली पाहिजे आणि तिच्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. अडथळ्यांवरून उड्या मारण्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत बिनकडियाळ्याचं साधन चालतं. ड्रेसाजमध्ये मात्र, जिथे घोड्याच्या पावलापावलाची परीक्षा होते, कडियाळे अजून सक्तीचं आहे. जिथे स्वाराचा हात सर्वांत हलका असायला हवा तिथेच लोखंडाचा आग्रह, हे मला पटलेलं नाही.

रायगड जिल्ह्यात घोड्यांचं सर्वांत मोठं गाव म्हणजे माथेरान. तिथे खासगी मोटारींना बंदी असल्यामुळे घोडे आणि हातरिक्षा हीच पिढ्यान्‌पिढ्या वाहनं, अलीकडे ई-रिक्षा आल्या. प्रवासी नेणारे परवान्याचे घोडेच तिथे साडेचारशेच्या आसपास आहेत. लाल मातीच्या चढावर पर्यटकाला बसवून घोडेवाला पायी पुढे चालतो. पर्यटकाच्या हातात वादी असते, पण घोडा चालतो तो पुढच्या माणसाच्या दोरानं.

दिवेआगरच्या पुळणीवरही लहान मूल बसलं की असंच असतं. लगामाखाली म्होरकी आधीपासून असतेच. घोडेवाला तिचा दोर हातात धरून ओल्या वाळूच्या कडेनं चालू लागतो. लगामाची वादी खोगिरावर सैल पडलेली असते. मूल दोन्ही हातांनी घोड्याची आयाळ धरून बसतं, आणि कडियाळे घोड्याच्या तोंडात नुसतंच खुळखुळत राहतं.